बाटलीतला ॲव्हरेज

जुन्नर-नारायणगाव पट्ट्यातला भाजीपाला रात्रीतून वाशीच्या बाजारात पोहोचवणाऱ्या पिकअपवाल्याला रोजचा सर्वांत मोठा खर्च डिझेलचा असतो. महिन्याला ३,००० किलोमीटर धावणारी आणि लिटरला १२ चा ॲव्हरेज देणारी गाडी २५० लिटर डिझेल पिते. लिटरला ९० रुपये धरले तर साडेबावीस हजार रुपये झाले. त्यातले दहा टक्के वाचतील असं कोणी सांगितलं, तर वर्षाला सत्तावीस हजार होतात. हप्त्यावर गाडी घेतलेल्या माणसाला ही रक्कम लहान नाही. म्हणूनच स्पेअर पार्टच्या दुकानात आणि मोबाइलवर दिसणाऱ्या, ॲव्हरेज वाढवून देतो म्हणणाऱ्या बाटल्यांना गिऱ्हाईक मिळतं. असं गिऱ्हाईक भोळं नसतं, खर्चाने कावलेलं असतं. तेव्हा या दाव्याची नीट तपासणी व्हायला हवी.

दाव्याचा पाया बहुधा एकच असतो: इंजिनात डिझेल अर्धवट जळतं, ते पूर्ण जाळलं की बचत होते. ऐकायला हे पटतं, कारण चढावर निघालेला काळा धूर सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण धड असलेल्या डिझेल इंजिनात ९८ टक्क्यांहून अधिक इंधन जळूनच जातं. धुरातली काजळी डोळ्यांना भरपूर दिसते, वजनाने ती फार थोडी असते. डिझेलमधल्या उष्णतेचा साधारण ३५ ते ४० टक्के भागच कामी येतो हे खरं. मात्र उरलेली उष्णता सायलेन्सर आणि रेडिएटरवाटे निघून जाते. ती गळती इंजिनाच्या रचनेतच आहे. टाकीत काहीही ओतलं तरी ती थांबत नाही.

मग डिझेलमध्ये मिसळायच्या या रसायनांना काहीच अर्थ नाही का? आहे, आणि त्यातलं बरंचसं काम आपल्या नकळत आधीच झालेलं असतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं. त्यात गंधकाचं प्रमाण दहा लाखांत फार तर १० भाग असतं. आधीच्या बीएस-४ मध्ये ते ५० होतं. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा अंगचा वंगणपणा कमी होतो आणि पंप व इंजेक्टर झिजण्याचा धोका वाढतो. त्यावर उपाय म्हणून वंगण देणारं रसायन रिफायनरीच मिसळते. डिझेल किती चटकन पेट घेतं हे सांगणारा सीटेन अंकही किमान ५१ असावा लागतो. तो वाढवणारी रसायनं बाजारात मिळतात. त्यांनी थंडीत गाडी लवकर सुरू होते, खडखड कमी होते. पण पेट लवकर घेतला म्हणून लिटरभर डिझेलमधली ऊर्जा वाढत नाही.

खरा उपयोग होतो तो इंजेक्टर साफ ठेवणाऱ्या रसायनांचा. आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल हजार-दीड हजार बारहून अधिक दाबाने एक-दीड दशांश मिलिमीटरच्या छिद्रांतून फवारलं जातं. तिथे थर साचला की फवारा बिघडतो आणि ॲव्हरेज पडतो. ११ वर आलेली गाडी चांगल्या क्लीनरने पुन्हा १२ वर येऊ शकते. गेलेलं परत मिळवण्याइतकीच ही कमाई आहे. ज्या गाडीचे इंजेक्टर मुळात साफ आहेत, ती यामुळे १३ देणार नाही.

आता पैशाचं बघू. ५० लिटरच्या टाकीत ४,५०० रुपयांचं डिझेल बसतं. बाटली २०० रुपयांची धरली तर नुसता तिचा खर्च भरून निघायलाही ॲव्हरेज १२ वरून साडेबारावर जायला हवा. एवढा फरक तर एका रिकाम्या परतीच्या फेरीने, घाटातल्या वाहतूक कोंडीने किंवा नोझल कुठे थांबवलं यानेही पडतो. 'मी टाकलं आणि फरक पडला' हा अनुभव त्यामुळे खोटा नसतो, पण पुरावाही नसतो. नवी बाटली ओतली की चालक काही दिवस पाय हलका ठेवतो, हेही लक्षात घेतलं पाहिजे. पारख करायचीच असेल तर त्याच पंपावर टाकी फुल करून, त्याच रस्त्याला, तेवढ्याच भाराने, एक टाकी बाटली घालून आणि एक न घालता, असं आलटून पालटून महिनाभर तरी वहीत लिहावं लागेल.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणाऱ्या शंभरहून अधिक उपकरणांची आणि मिश्रणांची छाननी केली आहे. मायलेज लक्षणीय वाढवणारं एकही उत्पादन तिला आढळलं नाही.

काही बाटल्या तर नुकसानही करतात. लोह किंवा मँगनीजसारखे धातू असलेल्या रसायनांची राख बीएस-६ गाड्यांच्या धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये साचते, आणि तो फिल्टर बदलण्याचा खर्च वर्षभराच्या बचतीला पुरून उरतो. रस्त्याकडेला 'बायोडिझेल' म्हणून स्वस्तात मिळणारं तेल याहून घातक आहे. डिझेलची खात्री करायची असेल तर पंपावर घनता तपासून मागता येते. तो ग्राहकाचा हक्क आहे आणि तो बजावण्यात संकोच नको.

बचतीचे भरवशाचे मार्ग साधे आहेत. टायरमधली हवा, वेळेवर बदललेले एअर आणि डिझेल फिल्टर, हौद्यावर घट्ट बांधलेली ताडपत्री, आणि मुख्य म्हणजे वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो: ताशी ६० वरून ८० वर गेलं की तो पावणेदोन पटीहून अधिक होतो. पिकअपचा चौकोनी तोंडवळा तर वारा अडवण्यासाठीच केल्यासारखा असतो. माल उतरेपर्यंत इंजिन चालू ठेवण्याची सवयही तासाला अर्धा-एक लिटर खाते.

सरकारनेही या बाजाराकडे लक्ष द्यायला हवं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. टक्केवारी छापणाऱ्या प्रत्येक बाटलीमागे अशा संस्थेचा अहवाल असणं सक्तीचं करावं. ते होईपर्यंत पिकअपवाल्यांनी हे काम स्वतः करावं. दुकानदाराने बाटली पुढे केली की विचारा: चाचणी कोणत्या गाडीवर झाली, भार किती होता, किती किलोमीटर चालवली आणि मोजलं कोणी? उत्तर मिळालं नाही, तर त्या पैशात डिझेल फिल्टर घ्या.