मुलांना दोन गुरू द्या

चेन्नईतल्या पेरुंगुडीत राहणाऱ्या मराठी आईवडिलांना एक विनंती आहे. नोकरीपायी आपण इथे आलो, मुलांना चांगली शाळा मिळाली, वर कोडिंगचा क्लासही लावला. पण शेजारची पल्लिकरणैची पाणथळ, जी 2022 साली महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, तिची ओळख मुलांना कुणी करून द्यायची? ऑक्टोबरनंतरच्या पावसात पार्किंगमध्ये साप निघाला की सगळी सोसायटी नुसता आरडाओरडा करते. तो नाग आहे की धामण, हे सांगणारं कुणी नसतं.

एका रविवारी मुलांना ईस्ट कोस्ट रोडने वडनेम्मेलीला घेऊन जा. मगर उद्यानाच्या आवारात साप पकडणाऱ्या इरुळा आदिवासींची रीतसर सहकारी संस्था आहे. वन्यजीव कायदा आला, सापाच्या कातड्याचा धंदा बंद झाला आणि इरुळांची चूल विझायची वेळ आली. तेव्हा सर्पतज्ज्ञ रॉम्युलस व्हिटेकर यांच्या साथीने 1978 मध्ये ही संस्था उभी राहिली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं परवान्यानुसार पकडायचे, मातीच्या मडक्यांत ठेवायचे, काही आठवडे विष काढायचं आणि पोटाच्या खवल्यावर खूण करून परत रानात सोडायचे. देशात प्रतिविषासाठी लागणारं बहुतेक विष इथूनच जातं.

तिथे मुलांना दोन गोष्टी, अनुभवाचं ज्ञान आणि विज्ञान, नीट बघू द्या. इरुळा माणूस बिळाच्या तोंडाशी बसून घासून गुळगुळीत झालेली कड, कातेचा तुकडा, विष्ठा बघतो आणि आत कोण आहे ते सांगतो. मग पडदा ताणलेल्या भांड्यावर साप दात रोवतो आणि विष थेंबाथेंबाने उतरतं. तेच विष पुढे अगदी थोड्या मात्रेत घोड्याला टोचतात आणि त्याच्या रक्तातल्या प्रतिपिंडांपासून औषध बनतं. बीळ वाचता आलं नाही तर प्रयोगशाळा रिकामी, आणि प्रयोगशाळा नसेल तर विषारी दंश झालेल्या माणसाला औषध मिळत नाही.

मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल या दोघा इरुळांना 2017 मध्ये अजगर शोधायला फ्लोरिडाला बोलावलं होतं. 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे मुलांना जरूर सांगा.

मात्र जुनं ते सगळं खरं, असंही शिकवू नका. साप चावल्यावर मुळी, मंत्र, चिरा यांत वेळ घालवायचा नाही, तडक दवाखाना गाठायचा. आणि विज्ञानालाही प्रश्न विचारायला शिकवा: एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, मग तमिळनाडूतल्या विषापासून केलेलं औषध कोकणातल्या फुरशावर कितपत चालेल? अशाच प्रश्नातून उद्याचा संशोधक घडतो.

सुट्टीत गावी गेलात की अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांच्या बियाणे बँकेची माहिती मुलांना द्या. अशीच सांगड तिथेही आहे: गावठी वाण त्यांनी राखले, बायफ या विकास संशोधन संस्थेची त्यांना साथ मिळाली.

मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला वक्ता बोलावताना प्राध्यापकाच्या शेजारी जाणत्या इरुळाची किंवा मच्छीमाराचीही खुर्ची मांडा. दोघांचं बोलणं मुलांना वक्त्याच्या नावानिशी लिहून घ्यायला लावा, आणि मानधन दोघांना सारखंच द्या.