परदेशवास आणि दिवसांची रोजकीर्द

दिवाळीच्या वहीपूजनास कॅनडाहून आलेला मुलगा ‘काम संगणकावरचेच, येथूनच करतो’ असे म्हणतो, तेव्हा आईबापांस धन्यता वाटते. गतवर्षी आम्हीही मुलास ‘आणखी चार महिने राहा’ असा आग्रह केला. तो आग्रह चुकीचा होता, असे आमचे आज स्पष्ट मत आहे. २००२ पासून अमलात असलेल्या तेथील कायद्याप्रमाणे कायम रहिवाशास पाच वर्षांत ७३० दिवस त्या देशात काढावे लागतात. पगार तेथील पेढीचा, म्हणून बेळगावी माडीवर बसून केलेल्या कामाचे दिवस जमेस धरीत नाहीत. पेढीनेच पूर्ण वेळेच्या कामावर परदेशी नेमून धाडले असेल तर गोष्ट निराळी. स्वखुशीने येऊन राहणे ही नेमणूक नव्हे. (उसनवार आणि विक्री यांतील भेद आपणां व्यापाऱ्यांस कोणी शिकवावयास नको!) शिवाय ती पाच वर्षे तपासणीच्या दिवसापासून मागे मोजतात, त्यामुळे त्यापूर्वीची शिल्लक कामास येत नाही. व्यापारी बंधूंनी मुलांस थांबवून घेण्यापूर्वी हा हिशेब मांडावा. आम्ही तो आता रोजकीर्दीच्या शेवटच्या पानावर मांडतो. यंदाचे परतीचे तिकीट आम्हीच काढले. त्याच्या मातोश्रींनी आमच्याशी धरलेला अबोला अद्याप सुटलेला नाही.