पोलिसाच्या जखमेची भरपाई कोणाकडून?

अंगावर वर्दी चढविणाऱ्याने जखमेबद्दल दाद मागण्याचा हक्क गमावला, असे कायद्याने मानावे काय? अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या एका खटल्याने हा जुना प्रश्न ऐरणीवर आणला.

जुलै २०१६ मध्ये बॅटन रूज शहरात पोलिसांच्या गोळीबारात आल्टन स्टर्लिंग या कृष्णवर्णीय नागरिकाचा मृत्यू झाला. त्याच्या निषेधार्थ झालेल्या निदर्शनांत कोणीतरी फेकलेली जड वस्तू लागून एक पोलीस अधिकारी गंभीर जखमी झाला. फेकणारा सापडला नाही. तेव्हा अधिकाऱ्याने स्वतःचे नाव गुप्त ठेवून आंदोलनाचे नेते डीरे मॅकेसन यांच्यावरच निष्काळजीपणाचा दावा लावला.

अशा दाव्यांच्या आड अमेरिकेत 'अग्निशामक नियम' येत असे. त्याचे मूळ इलिनॉय राज्यातील १८९२च्या एका निकालात आहे. आगीशी झुंजणे हेच ज्याचे काम, त्याने ती ज्याच्या हलगर्जीपणामुळे लागली त्याच्यावर दावा करू नये. धोक्याचा मोबदला त्याला वेतनातून मिळतोच, असा हा युक्तिवाद. पुढे तो पोलिसांनाही लागू झाला. इंग्लंडमध्ये मात्र हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८७ साली भाजलेल्या अग्निशामक जवानाचा दावा मान्य केला. लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये, हा नियम आपल्या राज्यात उरलेला नाही, असा निर्वाळा दिला. ज्याचा जेवढा दोष तेवढी त्याची जबाबदारी, हे तत्त्व कायद्याने स्वीकारल्यावर 'धोका पत्करला होता' एवढ्याच कारणाने न्यायालयाचे दार बंद करता येत नाही.

हा निर्वाळा योग्यच आहे. वेतन कर्तव्यासाठी दिले जाते. त्यातून दुसऱ्याच्या बेपर्वाईला माफी मिळत नाही.

तथापि, दावा करता येतो काय आणि तो कोणावर करता येतो, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. वस्तू फेकणारा हाती लागला असता, तर वाद उरला नसता. पण अनोळखी माणसाच्या कृत्याची भरपाई संयोजकाच्या माथी बसणार असेल, तर मोर्चा काढण्यास कोण धजावेल? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये मॅकेसन यांची याचिका दाखल करून घेतली नाही. परंतु न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी स्वतंत्र निवेदनात २०२३च्या काउंटरमन निकालाकडे लक्ष वेधले. भाषणाबद्दल जबाबदार धरण्यास केवळ निष्काळजीपणा पुरेसा नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

जखमी अधिकाऱ्याला भरपाई मिळायलाच हवी. गुन्हेगार अज्ञात असेल, तेव्हा तो भार ज्या शासनाने त्याला रस्त्यावर उभे केले त्याने उचलावा. सभास्वातंत्र्याने त्याची किंमत मोजू नये.