महाराजांच्या पुतळ्याला खोट्याची टेकण नको

फेब्रुवारी २०२४ मध्ये गोव्यात सासष्टीतल्या सां जुझे दि आरियल गावात शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावरून वातावरण तापलं. तेव्हा एक प्रश्न पुन्हा ऐकू आला : शिवाजी महाराजांचा गोव्याशी संबंधच काय?

असं विचारणाऱ्यांनी डिचोलीहून नार्व्याला जावं. तिथल्या सप्तकोटेश्वराच्या देवळाच्या दारावरच्या शिलालेखात शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार अशी तिथी आहे. म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८. दिवाडी बेटावरचं मूळ देऊळ पोर्तुगिजांनी पाडल्यावर लिंग नदीपलीकडे आणलं गेलं होतं. महाराजांनी त्या देवाला पुन्हा देऊळ दिलं. डिचोली आणि पेडणे त्यांच्या मुलखात होते. पेडणे पोर्तुगिजांकडे गेलं ते १७८८ साली. इथल्या माणसाला महाराज परके कसे?

पण म्हणून सगळा गोवा स्वराज्यात होता, असं ठोकून देणंही चूक. तिसवाडी, बारदेश, सासष्टी पोर्तुगिजांकडेच राहिले. १६६७ च्या नोव्हेंबरात मराठी फौज बारदेशात शिरली, ती तिथे आश्रयाला गेलेल्या कुडाळकर देसायांच्या पाठलागावर. त्या स्वारीत पाद्री मारले गेले, लोक कैद झाले, तहानंतर कैदी सुटले. हे बोलून दाखवणाऱ्या बारदेशकराला देशद्रोही म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. खरं सांगितल्याने महाराज लहान होत नाहीत.

हल्ली त्यांना लोकशाहीवादी म्हणतात. ते राजे होते, निवडून आलेले नव्हते. त्यांची क्रांती रयतेकडे पाहण्याच्या नजरेत होती. १६७१ मध्ये कुडाळच्या नरहरी आनंदरावांना त्यांनी लिहिलं की बारदेशचं मीठ स्वस्त पडतं, व्यापारी तिकडे वळतील, आपलं मीठ पडून राहील. तेव्हा बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा. १६७३ मध्ये चिपळूणकडच्या लष्कराला पत्रातून बजावलं की दाणा, गवत, लाकूड, भाजी बाजारातून विकत घ्या, रयतेला त्रास देऊ नका. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील. पेटत्या वातीपर्यंत लक्ष पोचलेला राज्यकर्ता मला घोड्यावरच्या तलवारबहाद्दरापेक्षा मोठा वाटतो.

पुतळा जरूर उभारा. आधी ग्रामसभेला विचारा, रातोरात चौथरा बांधू नका. चौथऱ्यावर नार्व्याच्या शिलालेखाची नक्कल कोरा आणि शेजारी ही दोन्ही पत्रं लावा, मराठीत, देवनागरी कोंकणीत आणि रोमी कोंकणीतही.