दुसऱ्याची किल्ली

आमच्या बेळगावात गल्लीतलं कुणी गावाला निघालं की घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे देऊन जातं. काकू ती खिळ्याला अडकवून ठेवतात. तिची दुसरी किल्ली कधी करून घेत नाहीत. मोबाइल ॲप बनवणाऱ्या आपण मुलामुलींनी एवढं पाळलं तरी पुष्कळ झालं, असं माझं मत आहे. हे मत मला एका चुकीतून आलं, म्हणून आधी चूक सांगते.

गेल्या वर्षी आम्ही चौघींनी प्रोजेक्टसाठी अँड्रॉइड ॲप केलं. पोर्टलवरची हजेरी आणि इंटर्नलचे मार्क त्यात दिसायचे. युजरनेम, पासवर्ड एकदाच टाकायचा. ॲप पुन्हा विचारणार नाही. सगळ्यांना हेच आवडलं. पण पुन्हा विचारायचं नाही म्हणजे पासवर्ड कुठेतरी ठेवायला हवा. आम्ही तो शेअर्ड प्रेफरन्सेसमध्ये ठेवला, म्हणजे फोनमधल्या एका साध्या फाइलमध्ये, जसाच्या तसा.

एक दिवस एका ज्युनिअरच्या फोनवर ॲप सारखं बंद पडायला लागलं. आम्ही सगळ्यांना दिलेलं बिल्ड डीबगचंच होतं. त्यामुळे मी केबल जोडली आणि ती फाइल सहज उघडली. स्क्रीनवर तिचा पासवर्ड! तिच्या वारलेल्या आजीचं नाव आणि पुढे एक साल. ती शेजारीच बसली होती. म्हणाली, "अक्का, हे तुला दिसतंय व्हय?" मला काय बोलावं सुचेना. मग हळूच म्हणाली, "माझ्या ईमेललापण हाच आहे."

"कॉलेजचं तर प्रोजेक्ट, कोण बघतंय?" असं आपण म्हणतो. प्रोजेक्ट खोटं असेल, पासवर्ड मात्र खरा असतो. आणि लोक एकच पासवर्ड चार ठिकाणी वापरतात, हे आपल्याला स्वतःवरूनच ठाऊक असतं.

बरं, सोय हवी तर मार्ग आहे. पासवर्ड एकदाच एचटीटीपीएसवरून सर्व्हरकडे जावा आणि सर्व्हरने बदल्यात टोकन द्यावं. टोकन म्हणजे ठरावीक मुदतीची, ठरावीक खोलीचीच किल्ली. फोन हरवला तर ते रद्द करता येतं. तीच किल्ली ईमेलला लागत नाही. हे टोकनसुद्धा उघडं ठेवू नये. अँड्रॉइडमध्ये कीस्टोअर आहे, आयफोनमध्ये कीचेन आहे. दुसऱ्याच्या सेवेत लॉगिन करायचं असेल तर ओऑथ २.० ही पद्धत २०१२ पासून आहे. मोबाइल ॲपसाठी तिचे वेगळे नियम २०१७ मध्ये आले. ते सांगतात, लॉगिनचं पान फोनच्या ब्राउझरमध्ये उघडा, ॲपच्या आतल्या वेबव्ह्यूमध्ये नको. कारण वेबव्ह्यूत टाइप केलेलं ॲपला वाचता येतं. म्हणजे काकूंना किल्ली दिसूच नये, अशी ही व्यवस्था.

आणि आपल्या स्वतःच्या किल्ल्या? सर्व्हरची गुपित की कोडमध्ये लिहून ॲप वाटणं म्हणजे किल्ली दारावर टांगणं. एपीके ही शेवटी झिप फाइल असते, कुणीही सोडवून बघू शकतं. गिटमधून ओळ पुसली तरी जुन्या कमिटमध्ये ती राहतेच. अशी की पुसून भागत नाही, बदलावी लागते.

आमच्या पोर्टलवर टोकनची सोय नव्हती. मग आम्ही लॉगिनच काढून टाकलं. आता बटण दाबलं की ब्राउझरमध्ये पोर्टल उघडतं, बस्स. वापरणारे कमी झाले. "मग तुमच्या ॲपमध्ये राहिलं काय?" म्हणून मैत्रिणी चिडवतात. चिडवू देत.

माझी एकच मागणी आहे. प्रोजेक्टच्या व्हायव्हात रंग, बटणं, डेटाबेस सगळं विचारलं जातं. तिथे सरांनी, मॅडमनी पहिला प्रश्न हा विचारावा : पासवर्ड कुठे ठेवलाय? आणि "कुठेच नाही" म्हणणाऱ्याला दोन मार्क जास्त द्यावेत.