नावातली आडवी रेघ

घरच्या मसाल्याचा, पोळीभाजीचा किंवा शिवणकामाचा धंदा जरा जमला, की घरातली शिकलेली मुले म्हणतात, "आई, आता आपली वेबसाईट हवी." विचार चांगलाच आहे. पण नाव घ्यायची वेळ येते आणि कुणीतरी सल्लागार भेटतो. तो सांगतो, 'घरगुती-मसाला-कल्याण' असे मध्ये रेघा घालून नाव घ्या, गुगलवर पहिला नंबर तुमचाच! त्या सल्ल्याचे पैसे निराळे. वाचकहो, ते मोजण्याआधी जरा थांबा, असे आम्हांस सांगावेसे वाटते.

सल्ला अगदीच हवेतला नव्हे. एके काळी लोक जे शब्द शोधत तेच वेबसाईटच्या नावात घातले, तर ती वर येण्यास मदत होई. मग आत माल काहीही असो, नुसत्या नावावर वेबसाईटी वर येऊ लागल्या. सप्टेंबर २०१२ मध्ये गुगलने अशा निकृष्ट वेबसाईटींना खाली ढकलले. आज गुगलचे स्वतःचेच मार्गदर्शन सांगते, की नुसत्या नावातल्या शब्दांचा क्रमांकावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. मग रेघेचा कुठून होणार?

रेघेचा उपयोग वाचण्यापुरता. 'मसाला' आणि 'आळी' हे शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहून पाहा, तीन 'ए' लागोपाठ येतात! मध्ये रेघ आली की डोळ्यांना सोपे. कोका-कोलाच्या वेबसाईटच्या नावात रेघ आहे, कारण मूळ नावातच ती आहे. पण त्या कंपनीला आपले नाव कुणाला फोनवर समजावून सांगावे लागत नाही.

आपले गिऱ्हाईक तोंडोतोंडी येते. लोकलच्या डब्यात एक बाई दुसरीला नाव सांगते, तेव्हा मधली रेघ कोण सांगणार? ऐकणारी जोडूनच टाईप करते. ते नाव दुसऱ्या मसालेवाल्याचे असेल तर ऑर्डर त्याच्या घरी. ईमेलचेही तेच. म्हणून बिनरेघेचे नाव कुणाकडे आहे ते आधी पाहा. मोकळे असेल तर तेच घ्या. ऐपत असेल तर दोन्ही घेऊन एकावरून दुसऱ्याकडे वळवा. तोच धंदा करणाऱ्याने घेतलेले असेल तर सरळ नाव बदला. आजीचे नाव मसाल्याला दिले तर काय बिघडले?

आणि नोंदणी सल्लागाराच्या नव्हे, तुमच्याच नावावर झाली ना, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.