वालधुनीचे पाणी आणि अंबरनाथाचा अभिषेक

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय व सचिव,
पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

वालधुनीचा प्रश्न आपल्याला नव्याने समजावून सांगण्याचे कारण नाही. २०१३ साली ‘वनशक्ती’ या संस्थेने उल्हास आणि वालधुनी या दोन नद्यांच्या नासाडीची फिर्याद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठापुढे नेली. २०१५ साली त्या न्यायाधिकरणाने काठावरच्या नगरसंस्था आणि औद्योगिक सांडपाण्याची प्रक्रिया केंद्रे यांना जबाबदार धरून कोट्यवधी रुपयांची भरपाई ठोठावली. आणि पुढे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेले. ज्या विषयावर इतके कागद झाले, तो आपल्या खात्याला ठाऊक नाही असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. म्हणून प्रास्ताविकात वेळ न दवडता, अंबरनाथच्या शिवालयाला गेली सत्तर वर्षे जाणारा एक यात्रेकरू या नात्याने मी आपल्याला एकाच गोष्टीचा जाब विचारतो.

मी डोंबिवलीचा. सातव्या वर्षी आजीचे बोट धरून श्रावणी सोमवारी प्रथम अंबरनाथला गेलो. स्टेशनातून बाहेर पडून पूर्वेच्या अंगाने चालत गेले की प्रथम झाडी लागे, मग नदी दिसे, आणि नदीच्या काठी तो काळाभोर, खालपासून वरपर्यंत कोरलेला पाषाण. आजी आधी देवळात जात नसे. ती नदीत उतरे, पाय धुई, तांब्याचा गडू दोनदा विसळून तिसऱ्यांदा भरून घेई, आणि तोच गडू दोन्ही हातांनी सांभाळीत गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरे. अभिषेक झाल्यावर उरलेल्या पाण्यातले पळीभर तीर्थ माझ्या तळहातावर पडे. तो गडू आजही माझ्या घरी आहे, आणि दर श्रावणात मी तो अंबरनाथला नेतोही. मात्र आता तो डोंबिवलीतल्या माझ्या स्वयंपाकघराच्या नळाखाली भरतो, त्याच्या तोंडाला फडके बांधतो आणि कर्जत लोकलच्या गर्दीत मांडीवर धरून नेतो. नदीकाठच्या देवाला नळाचे पाणी घरून न्यावे लागते, ही माझी तक्रार आहे. यापुढे जे लिहीत आहे ते सारे तिचेच तपशील आहेत.

हे देवालय कोणाचे, याची उजळणी अशासाठी करतो की, ज्याच्या दाराशी हे चालले आहे त्याची योग्यता निदान दफ्तरात नोंदलेली असावी. ठाण्याच्या, म्हणजे तेव्हाच्या स्थानकाच्या, शिलाहार राजांनी ते बांधले. छित्तराजाच्या कारकीर्दीत काम सुरू झाले असावे असे अभ्यासक मानतात. त्याचा भाऊ मम्मुणी याच्या काळात ते पुरे झाले, आणि शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हा काळ तेथल्या शिलालेखाने दिला आहे. त्या लेखाचा शक आरंभी ७८२ असा वाचला गेला होता. पुढच्या संशोधकांनी तो दुरुस्त केला. आमच्याकडे सर्रास ‘हेमाडपंती’ म्हणून ज्याची ओळख करून देतात, ते हे मंदिर हेमाद्रीपंडिताच्या दोनशे वर्षे आधीचे आहे, आणि त्याच्या शिखराची घडण भूमिज शैलीची आहे. १८६८ साली परक्या सरकारलासुद्धा त्याचे मोल इतके वाटले की, मुंबईच्या कलाशाळेतील मंडळींना येथे पाठवून त्याचे नकाशे काढविले आणि शिल्पांचे साचे घेवविले.

परंतु मला शिल्पांविषयी लिहायचे नाही; त्यांविषयी अधिकारी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते या बांधणीतल्या एका विशेषाविषयी. येथला गाभारा सभामंडपाच्या पातळीवर नाही, तो खाली आहे. उजेडातून मंडपाच्या अर्धवट काळोखात यावे, तेथून पायऱ्या उतरत जमिनीच्या पोटात शिरावे आणि तेथे, वर मोकळ्या राहिलेल्या शिखरातून झिरपणाऱ्या प्रकाशात, ओल्या गारव्यात पिंडीचे दर्शन घ्यावे, अशी ही रचना आहे. देव जलाशयाच्या सान्निध्यात रमतात, हे वराहमिहिराच्या बृहत्संहितेइतके जुने मत. शिलाहारांच्या स्थपतींनी नदीचा काठ निवडला आणि देवाला पाण्याच्या जवळ, खाली नेऊन बसविले, यात मला त्या मताचेच आचरण दिसते. नदी या देवालयाच्या शेजारी आहे असे म्हणणे अपुरे आहे. ती त्याच्या आराखड्याचा भाग आहे. तिला विष घालणे म्हणजे देवळाचा एक खांब पाडणेच होय.

आता कायद्याचे पाहू. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा कायदा, २०१० साली झालेल्या दुरुस्तीसह, असे सांगतो की, संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम होणार नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीवाचून वीट हलणार नाही. हा निर्बंध योग्य आहे. त्याविषयी माझी तक्रार नाही. देवळाच्या आसपास राहणाऱ्या गरीब माणसाला गळक्या घरावर मजला चढविता येत नाही, मोरी वाढविता येत नाही, आणि तो ते सोसतो. मात्र त्याच १०० मीटरांच्या आतून रोज, दिवसाढवळ्या, रसायनांचे पाणी वाहत जाते, आणि त्याला मज्जाव करणारा शिपाई तेथे कोणी दिसत नाही. पाण्याच्या प्रदूषणास प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा १९७४ चा आहे. म्हणजे पाषाणासाठी एक कायदा आहे, पाण्यासाठी दुसरा आहे, दोन्ही जारी आहेत, आणि दोन्ही जेथे एकत्र येतात नेमक्या त्या जागी, देवळाच्या पायरीशी, यात्रेकरू नाकाला पदर लावून उभा आहे.

ही नदी मुळात घाण नाही, हे मी पुन्हापुन्हा सांगतो, कारण आमची नवी पिढी तिला ‘नाला’ म्हणूनच ओळखू लागली आहे. ती काकोळ्याच्या बाजूच्या डोंगरातून येते. तेथे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने बांधलेले धरण आहे, आणि त्या परिसरातले पाणी इतके चांगले आहे की, रेल्वे आजही ते शुद्ध करून ‘रेल नीर’ या नावाने बाटल्यांत भरते व प्रवाशांना विकते. तेथून अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी असे करीत कल्याणाजवळ ती उल्हास नदीला मिळते. सारा प्रवास तीसेक किलोमीटरांचा. ज्या नदीच्या उगमाकडचे पाणी मनुष्य पैसे देऊन पितो, तिच्यात काही मैल खाली त्याला बोट बुडविवत नाही, हा निसर्गाचा कोप नव्हे. १९४९ साली कल्याण कॅम्पाच्या जागी निर्वासितांचे उल्हासनगर वसले, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, कारखाने आले, रंगाईची आणि जीन्स धुण्याची कामे आली. उद्ध्वस्त होऊन आलेल्या सिंधी बांधवांनी कष्टाने संसार उभे केले, कामगारांनी घाम गाळला. त्यांना मी दोष देत नाही. दोष त्यांचा, ज्यांनी परवाने दिले आणि गटारे दिली नाहीत. ज्यांनी प्रक्रिया केंद्रांच्या कोनशिला बसविल्या आणि त्या केंद्रांतून बाहेर पडणारे पाणी तपासले नाही.

आणि परिणाम काय झाला? २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस उल्हासनगरात एका टँकरमधले रसायन रात्रीच्या अंधारात वालधुनीत ओतले गेले, आणि पहाटे शेकडो माणसे गुदमरत, उलट्या करीत रुग्णालयांकडे धावली. त्याच वर्षाच्या जानेवारीत आमच्या डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला होता. २०२० साली आमच्या औद्योगिक वसाहतीतला रस्ता गुलाबी झाला. दर वेळी वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात, पाहणी होते, नमुने घेतले जातात, नोटिसा निघतात. माणसे गुदमरली तेव्हा निदान बातमी तरी झाली. देवाच्या पायथ्याचे पाणी रोज गुदमरते त्याची बातमीही आता होत नाही.

यावर मी काय केले, असे आपण विचाराल. गेल्या नऊ वर्षांत मी अकरा अर्ज केले. ज्या कचेऱ्यांत केले त्यांची नावे येथे घेत नाही, कारण माझे भांडण टेबलामागे बसलेल्या एखाद्या कारकुनाशी नाही. अकरांपैकी चार अर्जांची पोचपावती मिळाली. दोन ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ दुसरीकडे रवाना झाले. पाचांचे काय झाले ते कळले नाही. एका ठिकाणी सांगितले की, दगड आमच्याकडे, पाणी आमच्याकडे नाही. दुसऱ्या ठिकाणी सांगितले की, नदी आमच्याकडे, पण नाले नगरसंस्थेकडे. तिसऱ्या ठिकाणी सांगितले की, नाले आमचे, पण त्यांतून येणारे रसायन आमचे नव्हे. एका अधिकाऱ्याने मला खुर्ची दिली, पाणी दिले आणि सौजन्याने म्हटले, ‘काका, पावसाळ्यात सगळे वाहून जाते.’

महोदय, पावसाळ्यात काय होते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. २६ जुलै २००५ रोजी वालधुनीने उल्हासनगर-कल्याणातल्या वस्त्या कशा बुडविल्या ते या भागात कोणी विसरलेले नाही. त्या मानाने साधी म्हणावी अशी मुसळधार झाली तरीही नदी देवळाच्या आवारात शिरते, आणि गाभारा खाली असल्यामुळे पाणी पायऱ्या उतरून पिंडीपर्यंत जाते. हे कोणते पाणी? वर्षभर ज्याच्या वासाने भाविक तोंड फिरवितो, ज्यात कारखान्यांचे, गटारांचे आणि टँकरांचे सारे काही मिसळलेले आहे, ते. ज्या देवाला आम्ही चपला बाहेर काढून, हात धुऊन, सोवळ्यातले पाणी घालतो, त्याला दर पावसाळ्यात सरकारच्या हलगर्जीपणाचा असा अभिषेक घडतो. हे वाक्य मी रागाने लिहिले आहे आणि ते मागे घेणार नाही.

आता या साऱ्यावर कळस म्हणून मंदिर-परिसराच्या विकासाची योजना आली आहे. शंभर कोटींहून अधिक खर्चाचे हे काम. त्यात घाट आहेत, चौक आहेत, दिव्यांची आरास आहे, तीर्थक्षेत्राला शोभेल असे पुष्कळ काही आहे. भाविकांची सोय व्हावी, महाशिवरात्रीच्या यात्रेत म्हाताऱ्याकोताऱ्यांना उन्हात तासन्तास तिष्ठावे लागू नये, हे मलाही हवे आहे. माझे गुडघे आता त्याची रोज आठवण देतात. परंतु घाट ही वस्तू कशासाठी असते? घाटाच्या पायऱ्या पाण्यात उतरण्यासाठी असतात. नाशिकला गोदावरीचा घाट, पंढरपूरला चंद्रभागेचा, वाईला कृष्णेचा. त्या नद्यांचीही आपण दुर्दशा केली आहे, परंतु त्यांचे घाट बांधले गेले तेव्हा खाली पाणी होते आणि माणूस त्यात स्नान करीत होता. ज्या पाण्यात पाय टाकू नये असे वैद्य सांगेल, त्या पाण्याकडे नेणाऱ्या पायऱ्या बांधणे ही लोकांची दिशाभूल आहे. परगावाहून आलेली एखादी म्हातारी, माझ्या आजीसारखीच, या नव्या घाटावरून विश्वासाने खाली उतरेल, गडू भरेल आणि नातवाच्या हातावर तीर्थ देईल. त्या मुलाला काही झाले तर त्याची जबाबदारी कोणाच्या दफ्तरात लिहिली जाणार आहे?

काठ सजविण्याआधी पाणी स्वच्छ करा, एवढेच माझे मागणे आहे. काकोळ्यापासून देवळापर्यंत जे जे नाले आणि नळ नदीत सोडले आहेत त्यांची गणती करून ती यादी लोकांपुढे ठेवा आणि एकेक बंद करण्याची मुदत जाहीर करा. टँकरांना रात्रीची नाकाबंदी करा. देवळाच्या पुलावर फळा लावून त्यावर पाण्याच्या तपासणीचा आकडा तारखेसह लिहीत जा, जेणेकरून सुशोभीकरणाचे उद्घाटन करणाऱ्याला तो वाचल्यावाचून पुढे जाता येणार नाही. आणि ते आकडे माणसाने स्पर्श करण्याजोगे होईपर्यंत पाण्यात उतरणारी एकही पायरी बांधू नका. त्या पाण्याचा आणि त्याच्या वाफांचा साडेनऊशे वर्षांच्या पाषाणावर काय परिणाम होत आहे, याचीही तज्ज्ञांकडून मोजदाद करवून ती प्रसिद्ध करा. यांतले काहीही नव्या कायद्यावाचून अडलेले नाही. न्यायाधिकरणाच्या निकालालाही आता दशक उलटले.

ठाण्याला कौपिनेश्वराच्या समोर मासुंदा तलाव अजून पाण्याने भरलेला आहे, आणि दर्शन घेऊन बाहेर आलेला माणूस त्याच्या काठी घटकाभर विसावतो. त्याच जिल्ह्यात, त्याच शिलाहारांच्या मुलखात, अंबरनाथच्या काठी मात्र कोणी बसत नाही. लोक दर्शन घेतात आणि भराभरा पूल ओलांडतात.

येत्या श्रावणातल्या पहिल्या सोमवारी पहाटे मी नेहमीप्रमाणे तेथे असेन. आपणही यावे अशी विनंती करतो. बंदोबस्त नको, सत्कार नको. एक रिकामा गडू तेवढा आणावा, तो वालधुनीत बुडवून भरावा आणि माझ्याबरोबर गाभाऱ्यात उतरावे. ते पाणी पिंडीवर घालावयास आपला हात धजला, तर माझे अकराही अर्ज मी परत घेईन. न धजल्यास बाराव्या अर्जाचे उत्तर लेखी द्यावे. बारावा अर्ज हाच आहे.

कळावे,

आपला,
डोंबिवलीचा एक वृद्ध रहिवासी